वाळवंटी शहराची उष्णता मोजायची तर पहाटे चारला उठा

मी भुसावळची. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मे महिन्यात डोक्यावर ओला पदर घेऊन पेपर तपासलेली बाई मी. त्यामुळे लेक आणि जावई ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला राहायला गेले आणि "आई, इथला उन्हाळा तुला झेपेल ना?" असं लेकीनं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. पारा ४५ च्या वर गेला तरी आमच्याकडे लग्नं लागतात, पंगती उठतात, वरातही निघते.

दिवस झेपला. रात्र झेपली नाही. जूनच्या पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहाला कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेले, तर कंपाउंडच्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीतून चुलीसारखी धग येत होती. पहाटे उठून त्याच भिंतीला हात लावला, तर ती अजून कोमट. भुसावळला आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो, तेव्हा स्लॅबमधून वाफ यायची, पण पहाटेपर्यंत अंग निवायचं. इथे निवतच नाही. शहरं आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा जास्त तापतात, त्याला उष्णतेचं बेट म्हणतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. पण फळ्यावरची आकृती दुपारची होती. वाळवंटातल्या शहराला ती लागू पडत नाही, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा आणि चार तापमापक लागले.

आता तीन उन्हाळे झाले. कसं मोजायचं ते लिहिते, झालेल्या चुकांसकट. दुबई-अबुधाबीकडे किंवा राजस्थानात राहणाऱ्यांनाही हे बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी ठरवा, कुठली उष्णता?

"किती गरम आहे?" हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. हवा किती तापली आहे? जमीन किती तापली आहे? आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर एकूण किती ऊष्मा पडतो आहे? हवेला तापमापक लागतो. जमिनीचं तापमान उपग्रह किंवा हातातली इन्फ्रारेड बंदूक सांगते. तिसऱ्याची गोष्ट पुढे येईल. या तिघांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जे लोक त्यांची सरमिसळ करतात ते पुढे भांडत बसतात. मीही जावयाशी भांडले आहे.

भांडण झालं ते असं. त्याला उपग्रहाचा एक नकाशा मिळाला, जून महिन्यातल्या सकाळी साडेदहाच्या सुमाराचा. त्यात शहर निळसर आणि भोवतीचं वाळवंट लालभडक. "आई, बघा, बेटबिट काही नाही. उलट शहरच थंड आहे." नकाशा खोटा नव्हता. फिनिक्समध्ये हिरवळी आहेत, झाडं आहेत, कालवे आहेत, जुन्या वस्त्यांत तर अजून बागांना पाट सोडून पाणी भरतात. बाहेरची उघडी कोरडी माती मात्र सूर्य वर आला की क्षणात तापते. रावेर-यावलकडे मे महिन्यात भर दुपारी केळीच्या बागेत शिरून पाहा. बांधाबाहेर नांगरून टाकलेलं काळं रान भाजून काढत असतं आणि आत जणू कुणी पंखा लावलेला असतो. पानांतून पाणी उडून जातं, ते उष्णता घेऊन जातं. वाळवंटी शहर म्हणजे दिवसा अशी एक मोठी, थोडी विरळ केळीची बाग.

आणि हे फक्त वाळवंटापुरतं नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतातल्या ८४ शहरांच्या उपग्रह-नोंदी तपासल्या. पावसाआधीच्या उन्हाळ्यात दिवसा त्यांतली बहुतेक शहरं आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा थंडच दिसली. कारण तेच, रब्बी निघाली की रानं उघडी पडतात. रात्री मात्र चित्र पालटतं.

का पालटतं? कोरडी माती पत्र्याच्या शेडसारखी असते, चटकन तापते आणि चटकन निवते. उष्णता वरच्या काही बोटांतच राहते, खोल जात नाही. सूर्य कलला की निरभ्र कोरड्या आकाशाकडे ती भराभर फेकली जाते. डांबर, काँक्रीट आणि ब्लॉकच्या भिंती पाट्या-वरवंट्याच्या जातीच्या. सावकाश तापतात, आत खोलवर साठवतात आणि रात्रभर थोडी थोडी परत देतात. शिवाय दोन उंच इमारतींमधल्या गल्लीला आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, उष्णता समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. त्यात घराघरांतले एसी आतली गरमी बाहेर ओततात. फिनिक्सवरच्या एका अभ्यासानं २०१४ मध्ये दाखवलं की एसीच्या या गरमीमुळे शहरात काही ठिकाणी रात्रीची हवा एक अंशाहून जास्त तापते.

म्हणून पहिला नियम: वाळवंटातलं बेट रात्री शोधायचं, आणि ते सगळ्यात नीट दिसतं पहाटे, सूर्योदयाच्या आधीच्या तासाभरात.

२०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त राहिलं. आधीचा विक्रम १९७४ चा, १८ दिवसांचा. जगभरच्या बातम्यांत हाच आकडा होता. मला धडकी भरली ती दुसऱ्याच आकड्यानं. १९ जुलैला विमानतळावरच्या केंद्रात किमान तापमान ९७ अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे ३६ अंश सेल्सिअस. किमान! भुसावळला थंडीत भर दुपारीही एवढं होत नाही. दिवसभर भाजलेलं शरीर रात्री सावरतं, ती सवड मिळाली नाही की माणसं मरतात. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले.

साहित्य

तापमानाची आपोआप नोंद ठेवणारे छोटे लॉगर मिळतात, काडेपेटीएवढे. दोन तरी घ्या, चार असतील तर उत्तम. पातळ तारेच्या टोकाला संवेदक असलेले पाहून घ्या. जाड प्लास्टिकच्या डबीत बंद असलेला संवेदक हवा बदलली तरी दोन-तीन मिनिटं जुनंच तापमान सांगत बसतो. गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल, तर तीन मिनिटांत तुम्ही दोन किलोमीटर पुढे गेलेले असता. माझ्या पहिल्या नकाशात बागेचा गारवा बागेत नव्हताच, तो पुढच्या पेट्रोल पंपावर उमटला होता.

लॉगर उघडा टांगायचा नाही. मी पहिल्याच दिवशी एक परसातल्या दोरीवर टांगला. त्यानं दुपारी ५८ दाखवले आणि नातवानं तो आकडा मित्रांना कळवूनही टाकला. ते हवेचं तापमान नव्हतं, उन्हात बसलेल्या प्लास्टिकचं होतं. हवामान खात्याच्या आवारात झडपांची पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिचं गरीब भावंड घरी करता येतं. कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा ताटल्या आणा. वरची सोडून बाकीच्यांचा मधला भाग गोल कापून काढा. तीन लांब बोल्टांवर त्या उपड्या, एकीखाली एक अशा ओवा आणि मध्ये जुन्या पेनच्या नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे घाला. लॉगर मधल्या पोकळीत लटकवा. वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही. रात्री ऊन नसतं तरी हे झाकण हवंच, कारण उघडा संवेदक आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा जरा थंड आकडा दाखवतो.

मग कसोटी. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरा, तो भिजेल एवढंच पाणी घाला, ढवळा, तारेचं टोक मध्यभागी धरा आणि दहा मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. ०.४ आलं तर प्रत्येक वाचनातून ०.४ वजा करायचे, चिठ्ठी लिहून लॉगरला चिकटवायची. माझ्याकडे दोन्ही लॉगरनी उणे चार दाखवले. दुकानदारानं फसवलं म्हणून मी तासभर चिडचिड केली. मग कळलं, नातवानं सकाळी आइस्क्रीम करताना त्याच बर्फात मूठभर मीठ घातलं होतं. मिठाचा बर्फ शून्याच्या खाली जातो, हे मी आठवीला शिकवत असे.

सगळे लॉगर एक रात्र शेजारी शेजारी टांगूनही ठेवा. आपल्याला फरक मोजायचे आहेत, तेव्हा ते एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. घड्याळं मोबाइलशी मिळवून घ्या. ॲरिझोनाचा बराचसा भाग उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, त्यामुळे लॉगरनं वेळ आपोआप बदलली नाही ना, हे बघा. माझ्या एका लॉगरनं बदलली होती.

गाडीतून फेरी

आमच्या घरात पहाटे चारला उठणारी मी एकटीच, पण मला इथली गाडी चालवता येत नाही. जावई चालवतो, मी शेजारी वही घेऊन बसते. तापमापकाची ताटल्यांची पेटी मागच्या खिडकीला बांधलेल्या प्लास्टिकच्या नळीवर असते, जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवर आणि इंजिनापासून लांब. हे ध्यान पाहून एका दुकान-संकुलाच्या पार्किंगमध्ये पहाटेच्या रखवालदारानं आम्हाला थांबवलं. मी समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी रोज रात्री इथे उभा असतो, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं कुठे गरम असतं ते. त्याचं म्हणणं लक्षात ठेवा. फेरी आखण्याआधी रात्रपाळीच्या माणसांशी बोला.

मार्ग असा निवडा की जाऊन-येऊन तासाभरात संपेल आणि वाटेत जमिनीचे प्रकार बदलत जातील. आमचे दोन आहेत. एक चँडलरच्या मध्यातून दक्षिणेला हंट हायवेपर्यंत. तिथे शहर संपतं आणि गिला रिव्हर आदिवासी समुदायाची भूमी सुरू होते. ती त्यांची आहे, तेव्हा आपण सार्वजनिक रस्त्यावरूनच परत फिरायचं. दुसरा मार्ग टेंपीतून पापागो पार्क, तिथून व्हॅन ब्युरेन रस्त्यानं फिनिक्सचं डाउनटाउन आणि शेवटी एनकँटो पार्क. यात तळ्याकाठची उंच घरं, राखलेलं वाळवंट, गॅरेजं-गोदामं, गगनचुंबी इमारती आणि मोठ्या झाडांची जुनी बाग, सगळं येतं.

मार्गातल्या जागांची उंची फार बदलू नये. सपाटीवरून डोंगराच्या उतारावर गेलात तर पहाटे उलटा प्रकार होतो. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून घसरून खाली साचते आणि वरची घरं खालच्यांपेक्षा उबदार राहतात. इथल्या कोरड्या नाल्यांना वॉश म्हणतात. वॉशच्या पुलावरून जाताना लॉगर दोन अंश खाली आला, तर ती झाडांची करामत समजू नका, साचलेली हवाही असू शकते. वहीत "पूल" एवढं तरी लिहून ठेवा. पापागोच्या तांबड्या खडकांपाशीही थांबू नका. खडक दिवसभर तापून रात्री भिंतीसारखेच वागतात. क्रिओसोटची झुडपं असलेल्या सपाट जागेचं वाचन घ्या.

रात्र निवडणं हे अर्धं काम. आकाश निरभ्र हवं आणि झाडाचं पान हलेल-न हलेल एवढाच वारा. आदल्या संध्याकाळी वादळ झालं असेल तर जाऊच नका, धुळीची भिंत येऊन गेली की सगळं शहर ढवळून एक झालेलं असतं. इथे १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मॉन्सूनचा धरतात. हो, मॉन्सूनच. ऐकून मला भरून आलं होतं. पण सबंध मोसमात फिनिक्सला पडतो तेवढा पाऊस महाबळेश्वर एका दिवसात पाडेल. हवेत दमटपणा मात्र येतो आणि दमट हवा जमिनीची उष्णता आकाशात जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरचं वाळवंटही नीट निवत नाही. म्हणून पहिली फेरी मॉन्सूनची हवा येण्याआधी, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला करा. जूनमध्ये इथे सूर्य सव्वापाचच्या सुमाराला उगवतो. चारला निघा, पाचला परत या.

गाडी एकसारख्या वेगानं, ताशी ३५-४० किलोमीटरनं. लाल सिग्नलला थांबल्यावरचे आकडे नंतर खोडून टाकायचे, ते तुमच्याच इंजिनाचे असतात. किंवा पुढच्या ट्रकच्या धुराचे.

आणि आता माझा आवडता भाग. चारला निघून पाचला परत येईपर्यंत सगळं शहर निवत असतं. मग सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणाची तुलना कशी करणार? त्यासाठीच ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं परत यायचं. समजा गोदामांच्या रस्त्यावर जाताना ४.०० वाजता ३३.० आणि येताना ५.०० वाजता ३२.२ आले. सरासरी ३२.६. बागेपाशी जाताना ४.१५ ला २९.४ आणि येताना ४.४५ ला २९.०, सरासरी २९.२. दोन्ही सरासऱ्या साडेचारच्या झाल्या. आता वजाबाकी करा, ३.४ अंश. एवढंच गणित आहे. सातवीतला मुलगा करू शकतो, आणि आमच्याकडे तोच करतो.

एक इशारा, कारण इथले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. तापमान सेल्सिअसमध्ये आणताना ३२ वजा करून ५/९ नं गुणायचं. पण फरक बदलताना ३२ वजा करायचे नाहीत, नुसतं ५/९ नं गुणायचं. ९ अंश फॅरनहाइटचा फरक म्हणजे ५ अंश सेल्सिअसचा. मोठमोठ्या बातम्यांत ही चूक मी पाहिली आहे.

"बाहेर" म्हणजे कुठे?

शहर कशापेक्षा गरम, हा प्रश्न पुण्या-नाशकात सोपा आहे, इथे नाही. फिनिक्सच्या बाहेर दोन जगं आहेत. एक कोरडं वाळवंट. दुसरं कालव्यांवरची शेती, म्हणजे लसूणघास आणि, माझ्या खान्देशासारखाच, कापूस. पहाटे लसूणघासाच्या शेताजवळून गाडी जाते तेव्हा लॉगर न बघताच कळतं, खिडकीतून ओला गारवा आणि गवताचा वास येतो. शेताशी तुलना केलीत तर बेट फुगतं, वाळवंटाशी केलीत तर रोडावतं. दोन्ही लिहा आणि कोणाशी तुलना केली ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा. ॲरिझोना विद्यापीठाचं कृषी हवामान केंद्रांचं जाळं आहे, ॲझमेट नावाचं, त्याच्या ताशी नोंदी फुकट पाहता येतात. पण केंद्र कशावर उभं आहे ते आधी बघा. एनकँटोचं केंद्र अगदी शहरात आहे, पण हिरवळीवर. "शहर" म्हणून तो आकडा घेतलात तर फसाल.

जुन्या नोंदींचीही हीच गोष्ट. २००२ मध्ये इथल्या संशोधकांनी हिशेब मांडला की शहर वाढल्यामुळे मध्य फिनिक्सचं रात्रीचं किमान तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसनं चढलं, दिवसाची सरासरी ३.१ नं. जे चढलं त्यातलं जास्त रात्री चढलं. केंद्र तेच राहिलं, भोवतालचं शेत जाऊन रस्ता आला.

उपग्रहाचा नकाशा वाचताना

लॅंडसॅट ८ आणि ९ या दोन उपग्रहांची चित्रं फुकट उतरवून घेता येतात, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावरून. दोघे मिळून दर आठ दिवसांनी तुमच्या शहरावरून जातात. जमिनीच्या तापमानाच्या तयार फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक मोठी संख्या असते. तिला ०.००३४१८०२ नं गुणा, १४९ मिळवा, केल्विन येतात. त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. म्हणजे ५०,००० ही संख्या ४६.८ अंश झाली. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर हे एका ओळीत करतं. मला ते नातवानं दोन संध्याकाळी शिकवलं, तिसऱ्या संध्याकाळी मी त्याला शिकवत होते.

पण लॅंडसॅट सकाळी साधारण दहा-साडेदहालाच येतो. म्हणजे वाळवंट तापून लाल आणि शहर अजून तापायचं, ही वेळ. जावयाचा नकाशा तोच होता. रात्रीचं हवं असेल तर अंतराळ स्थानकावर २०१८ पासून बसवलेल्या इकोस्ट्रेसची चित्रं शोधा. ते वेगवेगळ्या वेळी येतं, पहाटेही. त्यात रस्त्यांचं जाळं तापलेल्या सळ्यांसारखं चमकतं आणि शेतं काळी पडतात. जावयाला मी ते चित्र दाखवलं. तो काही बोलला नाही, पुढच्या शनिवारी चारचा गजर मात्र त्यानंच लावला.

उपग्रह वरून बघतो, म्हणजे छपरं आणि झाडांचे शेंडे बघतो. भिंती त्याला दिसतच नाहीत, आणि माझी सगळी तक्रार तर भिंतीबद्दल आहे.

हातातल्या इन्फ्रारेड बंदुकीचंही सांगते. स्वस्त असते, मजा येते, आणि ती सर्रास खोटं बोलते. चकचकीत पत्र्यावर रोखलीत तर पत्र्याचं नाही, त्यात प्रतिबिंब पडलेल्या थंड आकाशाचं तापमान सांगते. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवा, टेप तापू द्या आणि टेपवर रोखा. डांबर, काँक्रीट आणि पानं यांना ती बरी. जमिनीला तिरकी धरू नका, सरळ खाली धरा. आणि दुपारी हे करत असाल तर डोकं झाका, पाणी जवळ ठेवा आणि एकटे जाऊ नका. उन्हाळ्यात इथलं डांबर ६५ अंशांच्या वर सहज जातं. त्यावर पडून भाजलेली माणसं दर उन्हाळ्यात इथल्या रुग्णालयांत येतात. चप्पल तुटली म्हणून चार पावलं अनवाणी टाकायची आपली सवय इथे चालत नाही.

अंगावर काय येतं

ॲरिझोना स्टेट विद्यापीठात एरियान मिडल यांच्या गटाची मार्टी नावाची एक हातगाडी आहे. वर-खाली-चहूबाजूंनी माणसाच्या अंगावर किती ऊष्मा येतो ते ती मोजते. आपल्याला तेवढं परवडत नाही. पिंगपाँगचा चेंडू घ्या, मंद करडा रंग द्या, भोक पाडून तारेचं टोक मधोमध बसवा. शेजारी ताटल्यांच्या पेटीतला लॉगर ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे ऊन, भिंती आणि जमीन मिळून तुमच्यावर काय टाकताहेत त्याचा अंदाज. बसथांब्यावर उन्हात पाच-सात मिनिटं धरा, मग त्याच थांब्याच्या सावलीत. हवेचा लॉगर दोन्हीकडे जवळपास तेच सांगेल. चेंडू सांगणार नाही. दिवसाचा प्रश्न सावलीचा असतो, रात्रीचा साठवणीचा. हे मला चेंडूनं शिकवलं.

याच कारणानं फिनिक्सच्या फिकट रस्त्यांचे निकाल मला फार आवडले. २०२० मध्ये शहरानं काही वस्त्यांतल्या डांबरावर ऊन परतवणारा फिकट थर द्यायला सुरुवात केली आणि विद्यापीठाला मोजायला सांगितलं. दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा १०.५ ते १२ अंश फॅरनहाइटनं कमी निघाला. म्हणजे साधारण ६ ते पावणेसात सेल्सिअस, ३२ वजा न करता. पण त्याच रस्त्यावर भर दुपारी उभ्या माणसाच्या अंगावरचा ऊष्मा ५.५ अंश फॅरनहाइटनं वाढला, कारण परतलेलं ऊन जाणार कुठे? रात्री हवा अर्धा अंश फॅरनहाइट थंड. या प्रयोगाला यश म्हणणारे आणि अपयश म्हणणारे दोघेही खरा आकडा सांगत होते, फक्त वेगवेगळ्या उष्णतेचा.

गाडी नसेल तर

माझ्या मते हाच उत्तम मार्ग, फक्त त्याला धीर लागतो. तीन ओळखीची घरं गाठा: एक जुन्या झाडांच्या वस्तीत, एक नव्या, नुसती खडी पसरलेल्या अंगणांच्या वस्तीत, एक शहराच्या काठावर. भाषेच्या मंडळातल्या बायका या कामाला सोन्यासारख्या, मला दोन घरं गणपतीच्या आरतीनंतर मिळाली. प्रत्येक परसात उत्तरेकडे, भिंतीपासून निदान तीन मीटर लांब, दीड मीटर उंचीवर पेटी टांगा. एसीच्या बाहेरच्या यंत्राकडे तोंड नको आणि स्प्रिंकलरच्या टप्प्यात नको. एका मैत्रिणीचा लॉगर रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तीन अंश घसरायचा. मी आठवडाभर थंड हवेच्या प्रवाहावर विचार करत होते. तिचं ठिबक-फवाऱ्याचं टायमर चारला सुरू व्हायचं.

महिनाभर ठेवा. मग प्रत्येक दिवसाचं फक्त किमान तापमान वेगळं काढा, काठावरच्या घराचं इतर दोन घरांच्या किमानांतून वजा करा आणि प्रत्येक घराचे तीस फरक आलेखकागदावर मांडा. कमाल तापमानाचाही असाच आलेख त्याच कागदावर वेगळ्या रंगानं काढा. दुपारची रेघ शून्याच्या आसपास घोटाळते, कधी खालीही जाते. पहाटेची रेघ जवळपास रोज वर राहते आणि फक्त वादळी रात्री खाली येऊन दुपारच्या रेघेला भेटते. त्या दिवसांवर पेन्सिलीनं खूण करून वारा, ढग, पाऊस जे असेल ते लिहा.

माझा जुलैचा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. लेक सकाळी दूध काढताना त्याच्याकडे बघते आणि मगच ठरवते, पळायला घरासमोरून जायचं की कालव्याच्या कडेनं.